जाळ्याचे वैरी

फेकजाळं हवेत उघडतं, पाण्यावर गोल पडतं, तळाला टेकतं आणि ओढलं जातं. हा सगळा खेळ मिनिट-दोन मिनिटांचा. दिवसात तीस-चाळीस वेळा फेकलं तरी ते पाण्यात असतं जेमतेम तासभर. धरणाच्या पाण्यात रात्रभर पडद्यासारखं उभं राहणारं गिलनेटसुद्धा पहाटे काढलं की उरलेला दिवस काठावर, सायकलच्या कॅरिअरवर नाहीतर घरातल्या खुंटीवर काढतं. नदीला पूर असेल, घरी लग्न असेल, सोयाबीन काढणीची मजुरी चालू असेल, तर आठवडेच्या आठवडे तिथंच पडून राहतं. तरी जाळं फाटलं की दोष पाण्याच्या माथी मारला जातो. बुडालेल्या बाभळीत अडकलं, खडकाला घासलं, मोठ्या कटला माशानं तोडलं. हे होतंच, नाही असं नाही. पण जाळं फाटलं कुठं आणि त्याआधी ते कमजोर झालं कुठं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर पाण्यात सापडतं. दुसऱ्याचं बहुतेक वेळा घरात, अंगणात नाहीतर रस्त्यावर. म्हणूनच जाळं ठेवणं आणि नेणं हा मासेमारीच्या धंद्याचा भाग धरला पाहिजे. आज तो कुणी धरत नाही, धंदा करणारे नाहीत आणि त्यांना साधनं देणारं सरकारही नाही.

यवतमाळ म्हटलं की कापूस आठवतो, मासे आठवत नाहीत. पण नकाशा पाहिला तर जिल्ह्याची ईशान्येची कड वर्धा नदीनं आणि दक्षिणेची पैनगंगेनं आखलेली दिसते. मधून पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा वाहतात आणि त्यातल्या बहुतेकींवर आता धरणं आहेत. पैनगंगेवर इसापूर, पुसदजवळ पूस, दिग्रसजवळ अरुणावती, बाभुळगाव तालुक्यात बेंबळा. बांधली ती शेतीच्या पाण्यासाठी. मासेमारी मागून आली. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडायचं, सहकारी संस्थेनं जलाशय ठेक्यानं घ्यायचा आणि सभासदांनी जाळी टाकायची, अशी ही व्यवस्था आहे. नदीकाठच्या भोई समाजाला हा बदल सोपा गेला नाही. नदीचा डोह आपल्या जागी असतो. धरणाचं पाणी वर्षभर चालत असतं. ऑक्टोबरात गावाच्या वेशीला टेकलेलं पाणी मे महिन्यात इतकं मागं सरतं की मधल्या ओल्या पट्ट्यात गाळपेराची पिकं उभी राहतात. म्हणजे पाणवठा बदलतो आणि जाळं वाहून न्यायचं अंतरही बदलतं. साठवण आणि वाहतूक या दोन गोष्टी इथं वेगळ्या काढता येत नाहीत ते यामुळं.

आता मुख्य मुद्दा. दोन-तीन पिढ्यांपूर्वी जाळी सुताची किंवा तागाची असत. सूत म्हणजे वनस्पतीचा धागा, आणि ओला धागा म्हणजे जिवाणूंची मेजवानी. गोड्या, कोमट पाण्यात तर तो फारच लवकर कुजतो. त्यावर दोन उपाय होते. एक, झाडाच्या सालीचा किंवा कातासारखा तुरट रस जाळ्याला पाजायचा. यवतमाळच्या जंगलात उभ्या असलेल्या खैरापासून जो कात निघतो, तोच कात एके काळी युरोपातल्या मच्छीमारांची जाळी आणि गलबतांची शिडं रंगवायला समुद्रापार जात असे, हे पान खाणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं. दुसरा उपाय याहून सोपा होता. जाळं रोज कडक उन्हात वाळवायचं, एक धागाही ओला ठेवायचा नाही. ही शिस्त इतकी मुरलेली होती की अंगणात पसरलेलं जाळं ही भोयांच्या वस्तीची ओळखच झाली. मग नायलॉन आलं. अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांनी १९३५ मध्ये तयार केलेला हा धागा. कोचीला केंद्रीय मत्स्यतंत्रज्ञान संस्था १९५७ मध्ये निघाली आणि त्यानंतरच्या काही दशकांत देशभर सुताची जाळी मागं पडली. नायलॉन कुजत नाही. ओलं राहिलं तरी जिवाणू त्याला शिवत नाहीत. मच्छीमाराला वाटलं, सुटलो. आणि सवयीनं तो नायलॉनचं जाळंही उन्हात पसरत राहिला.

इथंच गफलत झाली. नायलॉनला पाण्यानं होणारा त्रास थोडा आणि तात्पुरता असतो. ओला धागा जरा नरम पडतो, वाळला की पुन्हा पूर्ववत होतो. उन्हाचा त्रास मात्र कायमचा. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण नायलॉनच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तोडतात आणि तुटलेली कडी पुन्हा जुळत नाही. धागा जितका बारीक तितकं नुकसान जलद, कारण जाड पिळाच्या दोऱ्यात बाहेरचा थर आतल्या थराला सावली तरी देतो; एकेरी नायलॉन धाग्याला, म्हणजे तंगुसाला, तीही सोय नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं १९७३ मध्ये जाळ्यांच्या धाग्यांवर गेरहार्ड क्लुस्ट यांचं एक पुस्तक काढलं. कुठल्या धाग्याला ऊन किती बाधतं, हा त्यातला एक मोठा विषय आहे. म्हणजे ही माहिती अर्धशतक जुनी आहे. विदर्भातलं मे महिन्याचं ऊन ४५ अंशांना टेकतं. त्यात दिवसभर पसरलेलं जाळं संध्याकाळी दिसायला तसंच दिसतं. नुकसान डोळ्यांना दिसत नाही ही तर खरी अडचण. ते ओळखायचं असेल तर घडीच्या बाहेरच्या भागातली एक आस, म्हणजे जाळ्याचं एक घर, आणि अगदी आतल्या भागातली एक आस बोटांत धरून ओढून बघावी. बाहेरची गाठीजवळ चटकन तुटते, आतली बोटाला कापते पण सुटत नाही. सुताचा वैरी ओल होती, नायलॉनचा वैरी ऊन आहे. वैरी बदलला, पण जुन्या वैऱ्यासाठी केलेला बंदोबस्त तसाच चालू राहिला. नव्या जाळ्याला वाळवायचंच असेल तर सावलीत, वाऱ्यावर.

वस्तू कशी ठेवायची हे तिचा वैरी कोण यावरून ठरवावं, ही गोष्ट जगात सर्वांत बारकाईनं कुणी पाळली असेल तर ती पाश्चात्त्य देशांतल्या हौशी गळवाल्यांनी. त्यांची मासेमारी वेगळी. गळावर खरं आमिष न लावता पिसं, लोकर, केस आणि रेशमी दोरा गुंडाळून खोटी माशी बांधायची आणि ती पाण्यावर उतरवायची. प्रकार नवा नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात होऊन गेलेला ईलियन नावाचा लेखक मॅसिडोनियातल्या लोकांच्या अशा माशीचं वर्णन करतो, गळाला लाल लोकर गुंडाळलेली आणि वर कोंबड्याची दोन पिसं. आपल्याकडंही छंद म्हणून गळ टाकण्याला मान होता. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोदावर प्रकरणच लिहिलं आणि प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर अभ्यासलेख लिहिला. तर हे माशी बांधणारे लोक आपली पेटी कशी लावतात ते पाहण्यासारखं आहे. पिसांना कसर आणि भुंगे लागतात, म्हणून पिसांसकट काढलेलं प्रत्येक कातडं वेगळ्या बंद पिशवीत. एकाला कीड लागली तरी शेजारी वाचतो. नवीन आणलेलं पीस थेट पेटीत जात नाही, आधी काही दिवस फ्रीजरमध्ये राहतं. पोलादी गळांना दमट हवा नको, म्हणून ते घट्ट झाकणाच्या डबीत, सोबत ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी. दोऱ्याच्या रिळांना उजेड नको. वार्निशाच्या बाटलीला हवा नको. पिसांजवळ डांबरगोळ्या चालतात, प्लॅस्टिकच्या डब्यात मात्र जपून, कारण त्या गोळ्यांची वाफ काही प्रकारचं प्लॅस्टिक मऊ करते. पेटी एकच, पण आतला प्रत्येक कप्पा वेगळ्या वैऱ्याशी लढणारा.

या हौसेची एक काळी बाजूही आहे आणि ती आपल्या विषयाशी जोडलेली आहे. जून २००९ मध्ये इंग्लंडातल्या ट्रिंग गावच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात एडविन रिस्ट नावाचा बासरी शिकणारा अमेरिकन विद्यार्थी खिडकी फोडून शिरला आणि २९९ पक्ष्यांची पिसांसकट जतन केलेली कातडी घेऊन गेला. त्यातली काही आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी एकोणिसाव्या शतकात जमवलेली होती. हेतू काय, तर जुन्या पद्धतीच्या शोभिवंत माश्या बांधायला लागणारी दुर्मिळ पिसं. संग्रहालयानं ती दीडशे वर्षं किडीपासून, उजेडापासून, ओलीपासून निगुतीनं जपली होती. एक वैरी मात्र हिशेबातून सुटला, तो म्हणजे माणूस. पिसांच्या याच मागणीचा फटका भारतातल्या रानकोंबड्यालाही बसलेला आहे; राखी रानकोंबड्याच्या मानेवरची ठिपकेदार पिसं या छंदात फार मोलाची मानतात. मोराची पिसं देशाबाहेर न्यायला आपल्याकडं बंदी आहे ती काही उगाच नाही.

यवतमाळच्या मच्छीमाराकडं अशी पेटी नाही आणि असावी असंही नाही. त्याच्याकडं काय असतं? दोन-तीन जाळी, बांबूची किंवा प्लॅस्टिकची विणायची सुई, आस मोजायची पट्टी, ब्लेड, दोऱ्याची रिळं, शिशाच्या गोळ्या, थर्माकोलचे नाहीतर जुन्या चपलेच्या रबराचे तरंगते तुकडे आणि थोडे गळ. या सगळ्यांसाठी बहुधा एकच साधन, रिकामं झालेलं खताचं पोतं. फुकट मिळतं, मजबूत असतं, सायकलवर बांधता येतं. त्याची लोकप्रियता समजण्यासारखी आहे. पण पोत्याच्या शिवणीत उरलेलं खत हवेतली ओल ओढून घेतं. पोतं पोटॅशचं असेल तर त्यातलं क्लोराइड लोखंड खातं आणि गळ महिनाभरात तांबूस होतात. त्याच पोत्यात ओलं जाळं कोंबलं की माशाचा चिकटा आणि खवले आतच राहतात. नायलॉन उंदराच्या खाण्यात येत नाही हे खरं, पण माशाचा वास येतो. वास शोधत आलेला उंदीर दोरा कुरतडतो, आणि घडीत एका जागी केलेलं भोक जाळं उघडल्यावर दहा ठिकाणी दिसतं. ज्या घरात दिवाळीनंतर कापूस साठवलेला असतो तिथं उंदरांना तोटा नसतो. त्याच घरात, बहुधा त्याच कोपऱ्यात, फवारणीच्या औषधाचे डबे असतात. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. कीटकनाशक सांडलेल्या फरशीवर ठेवलेलं जाळं दुसऱ्या दिवशी पिण्याच्या पाण्यात आणि खाण्याच्या माशांत उतरतं, हा विचार अस्वस्थ करणारा आहे. बॅटरीचं पाणी त्याहून वाईट, कारण आम्ल हे नायलॉनचं उघड विष आहे. थेंब पडला तिथला दोरा दिसायला शाबूत राहतो आणि पहिल्याच ओढीला सुटतो. शिशाच्या गोळ्या स्वयंपाकघरात, पोरांच्या हाताला लागतील अशा ठेवू नयेत हे तर वेगळं सांगायला हवं.

वाटेतले वैरी वेगळे. मोटारसायकलला आडवं बांधलेलं पोतं खड्ड्यात खाली झुकतं आणि सायलेन्सरला टेकतं. नायलॉन सुमारे २२० अंशांना वितळतं; तापलेल्या सायलेन्सरला तेवढं होणं जड नाही. सायकलवर साखळीचं काळं तेल आणि आऱ्यांची घासण. दुरुस्तीला हातात धरायच्या अवजारांनाही आपापले वैरी आहेत. पट्टी बांबूची असेल तर तिचे हाल आणखी वेगळे आहेत. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि भुंगा लागला तर तिचं पीठ होतं. पट्टीची रुंदी बदलली की विणलेली प्रत्येक आस बदलते, आणि आस बारीक झाली की जाळ्यात सापडू नये ते पिल्लू सापडतं. म्हणजे एका काटकीच्या साठवणुकीवर पुढच्या वर्षीचा मासा अवलंबून. पूर्वी अशी अवजारं चुलीच्या वर खोचून ठेवत. धुरानं बांबू काळा पडे पण भुंगा फिरकत नसे. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेचा गॅस घराघरांत पोचला, बायकांचे डोळे आणि छाती वाचली, ते फार बरं झालं. पण चुलीचा धूर हीसुद्धा एक साठवणव्यवस्था होती, आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. तंगुसाचं जाळं आता स्वस्त मिळतं, एक हंगाम चाललं तरी पैसे फिटतात, मग एवढा उपद्व्याप कशाला? हिशेब वरवर बरोबर आहे. पण दुकानातून येतो तो नुसता जाळीदार पडदा. त्याला वरचा दोर ओवणं, तरंगते तुकडे बांधणं, खालच्या दोराला वजनं लावणं, ताण सारखा ठेवणं, यात दिवसचे दिवस जातात, आणि घरच्या माणसाच्या श्रमाची पावती कुणी फाडत नाही. शिवाय कमजोर जाळं फाटतं ते रिकामं असताना नव्हे, भरलेलं असताना. मासाही जातो आणि जाळंही. आणि फेकलेलं जाळं जातं कुठं? कुजत नाही हा नायलॉनचा गुण इथं दोष होतो. धरणात बुडालेल्या झाडाला अडकलेला तुकडा धनी नसताना मासे धरत राहतो, कासव आणि पाणकावळेही धरतो. समुद्रातल्या अशा बेवारस जाळ्यांचा त्रास इतका वाढला की अन्न व कृषी संघटनेला २०१८ मध्ये जाळ्यांवर मालकाची खूण असावी यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. काठावर जाळून टाकणं हा तर उपायच नाही. जळत्या नायलॉनचा धूर विषारी असतो. स्वस्ताई खरी, पण तिचं बिल धरण भरतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पिढ्यान् पिढ्या पाण्यावर जगलेल्या माणसाला जाळं कसं ठेवायचं हे शिकवणारे आपण कोण? माझ्या मते त्याचं ज्ञान चुकीचं नव्हतंच. ते सुतासाठी तंतोतंत होतं. कात पाजणं, ऊन दाखवणं, धुरावर टांगणं, यातली प्रत्येक कृती वैरी ओळखून केलेली होती. पण माल एका पिढीत बदलला आणि बदललेल्या मालासोबत त्याची रीत कुणी दिली नाही. औषधाच्या बाटलीवर थंड व कोरड्या जागी ठेवा असं लिहिलेलं असतं, खताच्या पोत्यावरही सूचना असतात. जाळ्याच्या बंडलासोबत अशी एक ओळ मिळाली असती तर अंगणातली निम्मी जाळी सावलीत गेली असती.

तिसरी अडचण जागेची. दोन खोल्यांच्या घरात माणसं, धान्य, कापूस आणि वर जाळं कुठं मावायचं? म्हणूनच हा प्रश्न एकट्या घराचा नाही. २०२० मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०,०५० कोटी रुपयांची. तिच्यात पारंपरिक मच्छीमारांना होडी आणि जाळी आहेत, मासे नेण्यासाठी सायकल आणि मोटारसायकल बर्फाच्या पेटीसकट आहेत. मेलेल्या माशासाठी पेटी आहे आणि तो धरणाऱ्या जाळ्यासाठी नाही. कोकणात मासळी उतरवण्याच्या बंदरांच्या आराखड्यात जाळी दुरुस्त करायची शेड धरलेली असते. तिथं छप्पर आहे, सावली आहे, पसरायला जागा आहे. धरणकाठच्या संस्थेला तसं काही क्वचितच मिळतं. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतकऱ्याला गोदाम ही गरज मानली जाते, तर मच्छीमाराच्या जाळ्यालाही एक खोली मागता आली पाहिजे. शेड बांधली की ती ठेकेदाराच्या सिमेंटचं कोठार होते, असं लोक म्हणतात, आणि तसं होताना दिसतंही. पण त्याचं कारण बहुतेक वेळा जागा चुकलेली असते. पाणी मैलभर मागं गेल्यावर काठावरच्या शेडचा उपयोग उरत नाही, राखण कुणी करत नाही, आणि ट्रिंगच्या खिडकीतून शिरला तोच वैरी इथंही शिरतो. खोली गावाजवळ, रस्त्याला, संस्थेच्या कार्यालयाला लागून हवी. कुलूप, प्रत्येक सभासदाची नंबर घातलेली खुंटी, जमिनीपासून हातभर उंच, खिडक्या उत्तरेला.

तोवर घरात करण्यासारखंही बरंच आहे आणि त्याला फारसा पैसा पडत नाही. जाळं धुऊन, सावलीत वाळवून, तरंगते तुकडे एका टोकाला आणि वजनं दुसऱ्या टोकाला अशी घडी घालून तीन ठिकाणी सैल बांधावं, म्हणजे पहाटे अंधारातही गुंता न होता सोडता येतं. वर जुनं सुती लुगडं गुंडाळलं की उजेड अडतो आणि हवा खेळते. धान्याची पत्र्याची जुनी कोठी उंदरांना पुरून उरते, फक्त झाकणाला चार बारीक भोकं पाडायची. सुई, पट्टी, ब्लेड आणि रिळं यांच्यासाठी तर शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला हातभर तुकडा पुरतो. दोन्ही तोंडांना बुचं बसवली की तो सायकलच्या दांडीला बांधता येतो, पावसात भिजत नाही आणि उंदराला सहजी कुरतडता येत नाही. गळ मात्र त्यात सुटे टाकू नयेत. ते जुन्या चपलेच्या रबरात एकेक टोचून, वरून किंचित तेल लावून ठेवावेत, कारण बंद पाइपात आतली ओल बाहेर पडत नाही आणि सकाळी बूच उघडल्यावर पहिला गंज गळाच्या टोकालाच दिसतो.